वर्षभराची मुशाफिरी आणि परतीची वाट

(बावडा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



हे भाषण आता स्मरणिकेत छापले जात आहे. तेव्हा सभेला येऊ न शकलेल्या वाचकांनाही मी श्रोत्यांतच धरतो आणि त्यांनाही उद्देशून बोलतो.

मध्यंतरी एक पालक मला भेटले. मुलगा पदवीधर झालेला, वर्गात नेहमी पहिल्या पाचांत असलेला. त्याने घरी सांगितले की, नोकरीला लागण्यापूर्वी पाठीवर एक पिशवी टाकून वर्षभर जग हिंडून येतो. वडील माझ्यापाशी बसले आणि म्हणाले, "सर, एक वर्ष म्हंजे आमचं एक उसाचं पीक झालं. ते वाया घालवायचं? आन् एवढं जग बघितल्यावर पोरगं बावड्याला परत येतंय व्हय?"

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. वर्ष वाया जाईल काय, हा पहिला. मुलगा परत येईल काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात दडलेले आहे असे माझे मत आहे. ते का, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पाठीवर पिशवी टाकून हिंडण्याची ही रीत प्रथम नीट समजून घेऊ. १९६० नंतरच्या काळात युरोपातील हजारो तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल अशा खुष्कीच्या वाटेने दिल्लीस येत, तेथून कोणी नेपाळला जाई, कोणी गोव्याला. बसने, आगगाडीने, मिळेल त्या मालमोटारीने प्रवास करायचा, स्वस्तात राहायचे, गल्लीतल्या खाणावळीत जेवायचे, असा तो प्रकार होता. १९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर हे नवविवाहित जोडपे लंडनहून निघाले आणि ऑस्ट्रेलियास पोचले तेव्हा त्यांच्या खिशात केवळ काही सेंट उरले होते. लोक विचारू लागले, कसे गेलात, किती खर्च आला? त्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी १९७३ साली एका छोट्या पुस्तकात दिली आणि त्यातूनच प्रवासाची मार्गदर्शक पुस्तके काढणारी मोठी प्रकाशनसंस्था उभी राहिली. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, आणि ती खुष्कीची वाट बंद पडली. प्रवासाची रीत मात्र राहिली.

यावर कोणी म्हणेल, ही साहेबाच्या मुलांची हौस, आपल्याला हे परवडणारे नाही. वाचकहो, तसे म्हणण्यापूर्वी आपल्याच मुंबईकडे पाहा.

युरोपातून पायी चालत हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान मुंबईच्या ओव्हल मैदानावर झाले. ते काही पारशी तरुणांच्या मनात घर करून राहिले. एका व्याख्यानाने काय होऊ शकते, हे आम्हा शिक्षकांनी येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा सभासद सायकलीवर जगप्रदक्षिणेस निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कपाडिया ही त्यांची नावे. पंजाब, बलुचिस्तान, इराण करीत ते बगदादला पोचले. बगदाद ते सिरियातील अलेप्पो हे सुमारे साडेनऊशे किलोमीटरचे वाळवंट त्यांनी २३ दिवसांत पार केले. पुढे युरोप, इंग्लंड, अमेरिका, जपान, कोरिया, चीन आणि आग्नेय आशियातील जंगले ओलांडून ते ईशान्येकडून पुन्हा हिंदुस्थानात शिरले. मार्च १९२८ मध्ये ते मुंबईस परतले तेव्हा ७१,००० किलोमीटर प्रवास झाला होता आणि जवळजवळ साडेचार वर्षे लोटली होती. १९३१ साली त्यांच्या प्रवासाचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि त्याला पंडित जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली.

आता या हकिगतीतला माझ्या विषयाचा भाग पाहा. निघाले सहा. प्रदक्षिणा पुरी करून परतले तीन. कपाडिया तेहरानहून घरी आले, पोचखानावाला न्यूयॉर्कहून आले आणि हाथीराम अमेरिकेतच राहिले. म्हणजे आपल्या त्या पालकांची भीती खोटी नाही. गेलेला माणूस कधीकधी तिकडचाच होतो. त्याला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. ज्याला जेथे आपले आयुष्य सापडते तेथे तो राहतो. तसेच, अर्ध्या वाटेवरून जे माघारी आले त्यांना हिणवण्याचेही कारण नाही. घरची ओढ लागली, प्रकृती साथ देईना, सोबत्यांशी जमेना, तर परत यावे. घराचे दार त्यासाठीच असते. हे मुलाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवले, तर तो लाजेपायी परक्या मुलखात अडकून पडणार नाही.

परत येणे हे जाण्यापेक्षा अवघड आहे, याचा मोठा दाखला इब्न बतूताचा आहे. १३२५ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी तो मोरोक्कोतील तंजा शहरातून हजला म्हणून निघाला आणि पुढे हिंडतच राहिला. दिल्लीस महंमद तुघलकाच्या पदरी त्याने काझीचे काम केले. आपल्या मराठी मुलखातही तो आला होता. दौलताबाद आणि नंदुरबार ही दोन्ही नावे त्याच्या वृत्तांतात आहेत. सुमारे चोवीस वर्षांनी तो माघारी फिरला. वाटेत दमास्कस येथे त्याला कळले की, वडील पंधरा वर्षांपूर्वीच वारले. निदान आई तरी भेटेल, तर तंजाच्या जवळ येताच समजले की काही महिन्यांपूर्वी प्लेगने तीही गेली. एवढा मोठा प्रवासी, पण दार उघडणारे कोणी उरले नव्हते. पुढे फेज येथे सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपला सारा प्रवास इब्न जुझय्य नावाच्या लेखकास सांगितला आणि १३५५ साली तो ग्रंथ पुरा झाला. आज आपण त्याचे नाव घेतो ते तो परत आला आणि त्याने सांगितले म्हणून. वाटेतच हरवला असता, तर चौदाव्या शतकातील दिल्ली, मालदीव आणि आफ्रिकेतील कितीतरी गोष्टी आपल्याला कळल्याच नसत्या.

म्हणून मी वर्षाच्या मुदतीला महत्त्व देतो. वर्ष म्हणजे एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा घराबाहेर. तेवढ्यात माणूस बदलतो, पण घर त्याला ओळखेनासे होत नाही. आईवडील थकलेले नसतात, शिकलेले विसरलेले नसते, नोकरीचे वय सरलेले नसते. आपल्या भागातील शेतकऱ्याला हे सहज पटावे. सुरू उसाला वर्ष लागते आणि आडसालीला दीड वर्ष. तेवढे दिवस पाणी पाजीत राहणे कोणी वाया गेले म्हणत नाही. मात्र ऊस कितीही उंच वाढो, तो तोडून काट्यावर वजन झाल्याखेरीज त्याचा हिशेब होत नाही. प्रवासाचेही तसेच आहे. घरी परतल्यावर काय आणले, कोणाला दिले, यावर त्या वर्षाचे वजन ठरते.

आणि येथे जबाबदारी एकट्या मुलाची नाही. दरवर्षी आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरहून आपल्या बावड्यावरून सराटीकडे जाते. पाठीवर वळकटी, हातात पाण्याचा डबा, अशी हजारो माणसे आपण पाहतो. जातिधर्म न पाहता गाव त्यांना पाणी देते, चहा देते. पण परतीच्या पालखीबरोबर माणसे मोजकी असतात आणि रस्त्यावर पाहायलाही फार कोणी उभे राहत नाही. जाणाऱ्याचे कौतुक आणि परतणाऱ्याकडे दुर्लक्ष, ही जगाची रीतच आहे. हिंडून आलेल्या मुलाला आठ दिवस सगळे विचारतात, काय पाहिलेस? नवव्या दिवशी विचारतात, आता पुढे काय? त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि ऐकणारे संपलेले असतात. असा मुलगा घरात असून परका होतो, आणि मग पुन्हा निघून जातो तो कायमचा. तेव्हा मुलगा परत येईल काय, असे विचारणाऱ्या वडिलांना मी उलट विचारले, "तो परत आल्यावर आपण त्याचे ऐकणार आहात काय?"

मुलींविषयी न बोलता हा विषय पुरा होणार नाही. २०१८ साली वेदांगी कुलकर्णी या विशीतल्या मराठी मुलीने सायकलीवर जगप्रदक्षिणा केली. जुलैत ऑस्ट्रेलियातील पर्थहून ती निघाली, १४ देशांतून सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवली आणि १५९ दिवसांनी, २३ डिसेंबर रोजी, कोलकात्यास पोचली. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून लुटण्यात आले, तरी ती थांबली नाही. अशा प्रदक्षिणेचा नियम असा की, जेथून निघालात तेथेच संपवावी लागते. म्हणून कोलकात्यास पोचल्यावरही शेवटच्या थोड्या अंतरासाठी पर्थला जायचे उरले होते. तिच्या आईवडिलांनी तिच्यावर टाकलेला विश्वास मला त्या किलोमीटरांइतकाच मोठा वाटतो. प्रत्येक मुलीने सायकलीवर जग फिरावे असे माझे म्हणणे नाही. परंतु भावाला वर्ष मिळत असेल, तर बहिणीच्या मागणीचाही विचार त्याच काट्यावर व्हावा.

आता विद्यार्थी मित्रांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली, शिक्षणाचा हाती घेतलेला टप्पा पुरा करा. परीक्षा टाळण्यासाठी केलेला प्रवास हा प्रवास नव्हे, तो पळ होय.

दुसरी, कर्ज काढून किंवा बापाचे रान विकून निघू नका. वर्ष-दोन वर्षे कमवा, शिल्लक टाका. परतल्यानंतर तीन महिने पुरतील एवढे पैसे आधीच बाजूला ठेवा. हातात एखादे काम असू द्या. स्वयंपाक, शिवण, सायकल-मोटारसायकलची दुरुस्ती. मात्र परक्या देशात मजुरी करण्यापूर्वी तेथील कायदा त्याला परवानगी देतो काय, हे तपासा. पर्यटकाच्या व्हिसावर बहुतेक देशांत ती देत नाहीत.

तिसरी, जवळून सुरुवात करा. नरसिंहपूरचा नीरा-भीमेचा संगम, इंदापूरची मालोजीराजांची गढी आणि चाँदशाहवलींचा दर्गा ज्याने नीट पाहिला नाही, त्याला इस्तंबूलच्या मशिदीत काय पाहावे हे कसे कळणार? आधी तालुका, मग महाराष्ट्र, मग देश आणि त्यानंतर पासपोर्ट.

चौथी, रोज एक पान लिहा. खर्च, भाव, भेटलेली माणसे, शिकलेला एखादा शब्द. आठवड्यातून एकदा घरी खुशाली कळवा. आता फोन खिशात असतो, तेव्हा सबब उरलेली नाही.

पालकांना एकच विनंती आहे. मुलाने विचारताच "नाही" म्हणू नका. त्याला कागदावर मांडायला सांगा. कोठे, किती दिवस, किती पैसे, आणि परत येऊन काय करणार? ज्याला हे मांडता येते त्याचे वर्ष बहुधा वाया जात नाही. ज्याला मांडता येत नाही त्याला आणखी सहा महिने थांबायला सांगा. त्या पालकांनाही मी हेच सुचवले. मुलाने कागद भरून आणला आहे. निर्णय अद्याप घरात चालू आहे आणि तो त्या घरानेच करायचा आहे.

आपल्या भागातील मुले शिकून पुण्या-मुंबईस जातात आणि बरीचशी तिकडेच राहतात. त्यासाठी कोणी जगप्रदक्षिणा करावी लागली नाही. तेव्हा जगाच्या भीतीने मुलाला घरात कोंडणे हा उपाय नव्हे. त्याला परतावेसे वाटेल असे गाव आणि त्याचे ऐकेल अशी शाळा उभी करणे, हे आपल्या हाती आहे. संस्थेला माझी सूचना अशी की, दूर जाऊन परत आलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला आणि विद्यार्थिनीला वर्षातून एक तास शाळेत बोलवावे. मागे जगाचा नकाशा लावावा आणि मुलांनी प्रश्न विचारावेत. ओव्हल मैदानावरच्या एका व्याख्यानाने सहा जण निघाले होते. आपल्या शाळेतल्या एका तासाने एक जण निघाला आणि तो परत आला, तरी पुष्कळ झाले.