मठाचं कुलूप



भाषण करणं आमचं काम नव्हं. आमची शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण औतामागं आणि विण्यापुढं झालं. पण दिंडीला शंभर वर्षं झाली, चार शब्द बोला, असं चालकांनी सांगितलं. तर पंढरपुरातल्या आपल्या मठाबद्दल बोलतो.

वारीत आपण अठरा-वीस दिवस घर सोडून ऱ्हातो. राहुटी ठोकतो, पाऊस आला तर शाळेच्या व्हरांड्यात पडतो, नाहीतर ट्रकखाली. भिजलेलं धोतर अंगावरच वाळतं. तरी सोसतं, कारण चोपदाराला आपण किती जण ते ठाऊक असतं, बोचकं ट्रकात असतं, आणि गावाकडं दाराला आपलंच कुलूप असतं. ज्याला ह्यातलं एकही नाही, तो बेघर. २०११ च्या जनगणनेत देशात अशी १७ लाखांच्या वर माणसं मोजली, त्यातली २ लाखांच्या वर आपल्या महाराष्ट्रात. पुलाखाली झोपलेलं माणूस मोजणाऱ्याला किती सापडतं, ते तुम्हीच बघा.

सरकारनं काही केलं न्हाई असं नाही. शहरात लाख वस्तीमागं निदान १०० माणसांचा निवारा पाहिजे, बारा महिने चोवीस तास उघडा, माणशी ५० चौरस फूट जागा, असा नियम आहे. तेवढ्यात आपण राहुटीत तिघं झोपतो, ते सोडा. मग माणसं तिथं का जात नाहीत? आळशी म्हणून नव्हं. हमालाला काम रात्री असतं, त्याला दिवसा पडायला जागा लागते. मजुराला पहाटे नाक्यावर उभं राहावं लागतं. निवारा गावाच्या दुसऱ्या टोकाला असला तर रोजगार बुडतो. नवरा एकीकडं, बायको-पोरं दुसरीकडं असं कुणाला चालंल? आणि बोचकं ठेवायला कुलपाची पेटी नसंल, तर माणूस उशाला बोचकं घेऊन फुटपाथच धरतो.

आपल्यातल्या गाडगेबाबांना हे सगळं कळत होतं. शाळा न शिकलेला माणूस, पण पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरीतली चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं खेड्यापाड्यातले कॅन्सरचे पेशंट उतरतात. दवाखान्याजवळ जागा, हेच त्यातलं खरं औषध म्हणा.

आता आपला मठ. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री धरून महिनाभर उघडा, अकरा महिने कुलूप. काला झाला की आपण गाडीत बसतो, आणि चंद्रभागेच्या घाटावर काही म्हातारी माणसं मागंच ऱ्हातात. त्यांना न्यायला कुणी यायचं नसतं.

आमचं म्हणणं एवढंच, मागच्या दोन खोल्या ह्या लोकांना द्याव्यात. जुनी मंडळी म्हणतात, ताबा मारतील. भीती खोटी नव्हं, जमिनीची भांडणं आम्हीबी पाहिलीत. म्हणून वहीत नाव लिहावं, दर तीन महिन्यांनी कार्यकारिणीनं येऊन बघावं, आणि ज्याला जमंल त्यानं झाडलोट, पाणी करावं. आषाढीला गर्दी झाली तरी त्यांना बाहेर काढायचं नाही. आपण मांडवात झोपू, आपल्याला सवय हाय. एका खोलीत बायामाणसं, एकीत बाप्ये. जोडपं असलं तर मधे पडदा लावून सोय करू.

शताब्दीची कमान बांधायची म्हणून वर्गणी गोळा झाली. कमानीखाली कुणाला झोपता येत नाही, एवढं बोलतो. राग मानू नका.

त्या खोल्यांचा पत्रा गळतोय. मृगाच्या आधी बदलला पाहिजे. बारा पत्रे लागतील असं सुतार म्हणाला. चार आमचे धरा. बाकीच्या आठांचं आजच बोला, वही चोपदाराजवळ आहे.