विहिरीवरची मोटर

मोटर जळाली की आपण विजेला बोल लावतो. विजेचा दोष असतोच, पण सगळा नव्हे. तीन फेजपैकी एक गेला तरी चालू मोटर बहुतेकदा फिरतच राहते. आवाज बदलतो, उरलेल्या दोन फेजवर ती जादा करंट ओढते आणि वाइंडिंग काळं पडतं. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले असतो तो यासाठीच. सारखा ट्रिप होतो म्हणून तोच वायरने बायपास करणारे महाभाग गावोगावी आहेत!

आता मोटरला जोडलेल्या पंपाचं. दोरीचं पॅकिंग असलेल्या पंपात ग्लँडमधून पाणी थेंब थेंब गळायलाच हवं. फार आवळलं की शाफ्ट झिजतो. धार लागली, तर ग्लँडचे दोन्ही नट सारखेच, थोडे थोडे आवळा. आणि स्टार्टर उघडण्याआधी मेन स्विच पाडून फ्यूज खिशात ठेवा.