स्वागताध्यक्षांचे भाषण

देशभरातून आलेल्या शास्त्रज्ञ पाहुण्यांनो,

माझा धंदा छापखान्याचा. स्फोटकांशी संबंध दिवाळीपुरता. तरी आपल्या परिषदेचा विषय समजून घेतला. आरडीएक्स या स्फोटकाच्या स्फटिकाला जोराचा आघात बसला की आतल्या सूक्ष्म पोकळ्या मिटतात, तिथे उष्णता साचते, रेणूतले नायट्रो गट सुटू लागतात. हे सारे सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात, आणि आपण ते अणू-अणूचा हिशेब ठेवून संगणकावर पाहता! माझी मजल इथवरच. आता गावाबद्दल बोलतो.

दारूगोळा पुण्याला नवा नाही. खडकीची लढाई १८१७ची, तिथला दारूगोळा कारखाना १८६९चा. नैनितालला १९०८ साली सुरू झालेली प्रयोगशाळा १९६०मध्ये इकडे आली. तीच आजची सुतारवाडीची एचईएमआरएल, म्हणजे उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा. १९९१चा ‘परम ८०००’ महासंगणकही इथलाच. पण आकडेमोडीत पुण्याचा मान त्याहून जुना आहे, आणि तो गणिती केरूनाना छत्र्यांचा. ‘टिळकांचे गुरू’ एवढीच त्यांची ओळख उरावी, याचे मला फार वाईट वाटते. पंचांगातले ग्रहण आकाशातल्या ग्रहणाशी जुळेना, तेव्हा नानांनी नव्याने गणित मांडले. १८६०मध्ये त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ निघाली. पुढे आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने नवे पंचांगही आले. जुन्या वळणाच्या मंडळींना ते रुचले नाही. नुसत्या आकड्यांची पाने जुळवणे काय असते, हे खिळे जुळवलेल्यालाच ठाऊक! आपण आपले गणित प्रयोगाशी ताडून पाहता, नाना आकाशाशी ताडत. नाते ओढूनताणून जोडले म्हणा हवे तर, पण ते सांगितल्याशिवाय मला राहवले नसते.

आता व्यवस्थेतल्या उणिवा. निवासाच्या खोल्या दोन ठिकाणी विभागाव्या लागल्या. गरम पाणी सकाळी आठपर्यंतच मिळेल. मागच्या रांगांना पडदा नीट दिसत नाही, हे काल रात्री लक्षात आले. दुसरा पडदा दुपारपर्यंत येतो आहे. गाड्या लावायला जागा अपुरी आहे, आणि त्याबाबत पुणेकर कुणालाच आश्वासन देत नाहीत.

सभागृह विनामूल्य देणारे महाविद्यालय, मांडवाचे भाडे न घेणारे कंत्राटदार, जेवण केवळ खर्चात करणारे आचारी, पिशव्या देणारे व्यापारी मित्र, आणि आपले नाव घेऊ नका असे बजावून सर्वांत मोठी रक्कम देणाऱ्या आजी, या सर्वांचे ऋण मोठे आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी.

जेवणाची कुपने नोंदणीच्या टेबलावर मिळतील. काही गैरसोय झाली तर कार्यकर्त्या मुलांवर रागावू नका, ती विद्यार्थी आहेत. मला बोलवा; तिन्ही दिवस मी दारातच आहे.