बांध फुटण्याआधी

(गावच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



खाजनात भात पिकवणाऱ्याला बांध केव्हा तपासावा हे मास्तराने सांगावे लागत नाही. खारे पाणी शेतात शिरल्यावर आरडाओरड करून पीक वाचत नाही. खेकड्याने पाडलेले भोक भरतीपूर्वीच बुजवावे लागते. युद्धाचेही तसेच आहे. तोफा सुरू झाल्या की प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो. नागरिकाने बोलण्याची वेळ त्याआधीची. ती वेळ साधणाऱ्या एका देशाची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. तो देश म्हणजे तुर्कस्तान.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुर्कस्तानचे आम्हांला काय? तर थोडे मागे जाऊ. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा मी शिक्षक प्रशिक्षण घेत होतो. शेजारच्या मावशींचा मुलगा कुवेतला नोकरीला होता. पत्र नाही, पैसे नाहीत. रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळी त्या आमच्या सोप्यावर येऊन रेडिओपाशी बसत आणि मला विचारत, "हे युद्ध आपले नव्हे ना रे, बाबा?" मी म्हणायचो, "नव्हे, मावशी." पण माझे उत्तर अपुरे होते. त्या वर्षी सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांत आपल्या गोव्याचेही पुष्कळ होते. मावशींचा मुलगा अंगावरच्या कपड्यांनिशी घरी आला. परक्याचे युद्ध आपल्या चुलीपर्यंत पोचते, ते असे.

तुर्कस्तानला तर इराकची सीमाच लागून. १९९१ च्या युद्धात सीमेवरचा व्यापार बसला, मालमोटारी हाकणाऱ्यांची पोटे मारली गेली आणि लाखो निर्वासित डोंगर चढून सरहद्दीवर आले. लोक हे विसरले नव्हते. म्हणून २००३ च्या आरंभी अमेरिकेने इराकवर उत्तरेकडून चाल करण्यासाठी तुर्कस्तानची भूमी मागितली, तेव्हा तिथला सामान्य माणूस नको म्हणाला. मागणी साधी नव्हती. ६२,००० परके सैनिक सहा महिन्यांपर्यंत देशात राहणार होते, आणि तुर्की सैन्य परदेशी धाडण्याची परवानगीही त्याच ठरावात होती. बदल्यात सहाशे कोटी डॉलरची मदत आणि वर मोठी कर्जे देऊ केली होती. दोनच वर्षांपूर्वी आर्थिक संकटात पोळलेल्या देशाला हा मोह लहान नव्हता.

विरोधाला कोण उभे राहिले? कामगार संघटना, डॉक्टर, अभियंते, स्त्रियांच्या संस्था, डाव्या विचाराचे लोक आणि मशिदीत जाणारे श्रद्धाळूही. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही मंडळी या एका प्रश्नावर एकाच बाजूला आली. १ मार्च २००३ रोजी राजधानी अंकारात संसदेची बैठक बंद दाराआड चालली होती, आणि त्याच दिवशी शहरातल्या चौकात हजारो लोक युद्ध नको म्हणून उभे होते.

सत्ताधारी पक्षाकडे ५५० पैकी ३६३ जागा होत्या. ठराव सहज संमत होणार असेच सारे धरून चालले होते. मते मोजली. बाजूने २६४, विरुद्ध २५०, तटस्थ १९. प्रथम वाटले, ठराव जिंकला. पण तिथल्या घटनेप्रमाणे हजर सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मते लागत. हजर होते ५३३, म्हणजे हवी होती २६७. तीन मते कमी पडली! सत्ताधारी पक्षाच्याच सुमारे शंभर जणांनी हात दिला नव्हता. तुर्की किनाऱ्याजवळ रणगाडे घेऊन थांबलेली अमेरिकन जहाजे अखेर सुएझमार्गे कुवेतकडे वळवावी लागली.

मंडळी, मी तुम्हांला खोटी आशा दाखवणार नाही. त्या तीन मतांनी युद्ध टळले नाही. २० मार्चला ते सुरू झाले, आणि त्याच दिवशी तुर्की संसदेने आपल्या आकाशातून विमाने जाऊ देण्याची परवानगी दिली. पण आपल्या भूमीवरून ती फौज त्यांनी इराकमध्ये उतरू दिली नाही.

लंडनची गोष्ट वेगळी. १५ फेब्रुवारी २००३ रोजी तिथे युद्धाविरुद्ध मोर्चा निघाला. पोलिसांच्या हिशेबानेच साडेसात लाख माणसे होती. तरी १८ मार्चला ब्रिटिश संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली. इराकमध्ये ब्रिटनचे १७९ सैनिक मेले. मेलेल्या इराकी माणसांची गणती तर लाखांच्या घरात जाते. ज्या संहारक अस्त्रांसाठी युद्ध केले, ती सापडलीच नाहीत. मग मोर्चा वाया गेला का? २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावर हल्ल्याचा प्रश्न आला, तेव्हा त्याच संसदेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी नकार दिला. इराकची आठवण त्या सभागृहात जागी होती. काही बियाणे उशिरा रुजते.

आपल्याकडेही हा प्रश्न आला होता. ८ एप्रिल २००३ रोजी, मनोहर जोशी अध्यक्ष असताना, लोकसभेने या युद्धाची निंदा करणारा ठराव केला. पुढे अमेरिकेने भारताचे सैन्य इराकमध्ये मागितले. विरोधी पक्ष आणि लोकमत दोन्ही प्रतिकूल होते. १४ जुलैला सरकारने नकार कळवला. विचार करा, होकार गेला असता तर कोणाची मुले गेली असती? शेतकऱ्याचीच, बहुधा.

म्हणून सांगतो, आपला खासदार मते मागायला दारात येतो, तेव्हा रस्ता, नळ, डिझेलचे अनुदान जरूर मागा. पण एक प्रश्न आणखी विचारा: परक्याच्या युद्धात आमची मुले धाडण्याचा प्रश्न उद्या आला, तर तुझा हात कुठल्या बाजूला असेल? उत्तर ऐकून घ्या आणि लक्षात ठेवा. आपल्या एकट्याच्या विचारण्याने काय होणार, असे मनात आले, तर अंकारातली ती तीन मते आठवा. तीन माणसे एका होडीत सहज मावतात.

मावशी आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाला मी तेव्हा "नव्हे" एवढेच म्हणालो होतो. आज म्हटले असते, "मावशी, ते आपले होऊ नये म्हणून आपणच आधी बोलले पाहिजे."