धूर, पेशी आणि आवळा

चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो हे आपण जाणताच. तोच धूर फुप्फुसांत गेला की तेथे ‘मुक्त मूलके’ वाढतात आणि लोखंडास गंज चढावा तसा पेशींच्या आवरणातील स्निग्धांश झिजवू लागतात. ही साखळी ‘ई’ जीवनसत्त्व तोडते. खर्ची पडलेल्या ‘ई’ला ‘क’ जीवनसत्त्व पुन्हा कार्यक्षम करते. आवळा व पेरू यांत ‘क’ विपुल, तर शेंगदाण्यात ‘ई’ असते. ही फळे अवश्य खावीत. परंतु आधी चुलीवर धुराडे हवे. गोळ्यांवर तर मुळीच विसंबू नये. बिडी-सिगारेटचा धूरही याच जातीचा. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष आला: गाजरातील बीटा-कॅरोटिन गोळ्यांच्या रूपाने घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला, ‘ई’च्या गोळ्यांनीही तो घटला नाही.