क्लब कोणाच्या मालकीचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समाजवाद्यांच्या अभ्यासवर्गात इंग्लंडमधील फुटबॉलची चर्चा कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल आणि तो रास्तही आहे. माझा विषय खेळ नव्हे, मालमत्ता हा आहे. भागभांडवल ज्याच्या नावावर त्याचीच संस्था, हे भांडवलशाहीचे साधे गृहीतक. या गृहीतकाला ज्यांनी आव्हान दिले ते कोणी विचारवंत नव्हते. शनिवारी दुपारी तिकीट काढून सामना पाहणारे सामान्य लोक होते.

लंडनच्या नैर्ऋत्य भागातील विम्बल्डन येथे एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १८८९ साली फुटबॉल क्लब स्थापन केला. १९१२ पासून प्लाऊ लेन हे त्याचे मैदान. कित्येक दशके हा क्लब हौशी आणि दुय्यम स्पर्धांतच खेळत राहिला. १९७७ मध्ये त्याला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला, १९८६ मध्ये तो पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि १९८८ मध्ये बलाढ्य लिव्हरपूलला १-० असे नमवून त्याने एफ. ए. चषक जिंकला.

पुढच्याच वर्षी हिल्सबरो येथे प्रेक्षकांची भीषण चेंगराचेंगरी झाली. तिच्या चौकशीनंतर लॉर्ड टेलर यांनी १९९० च्या अहवालात वरच्या श्रेणीतील मैदानांवर सर्व प्रेक्षकांना बसण्याची सोय असावी, अशी शिफारस केली. शिफारस माणुसकीचीच होती. परंतु प्लाऊ लेनवर ती अमलात आणणे शक्य नाही, असे सांगून विम्बल्डनच्या चालकांनी १९९१ मध्ये संघ सेल्हर्स्ट पार्क या दुसऱ्या क्लबच्या मैदानावर नेला. तात्पुरती म्हटलेली सोय बारा वर्षे टिकली. दरम्यान १९९८ मध्ये प्लाऊ लेनची जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली आणि अखेर तेथे निवासी इमारती उभ्या राहिल्या. मैदानाखालची जमीन मैदानावरच्या खेळापेक्षा महाग झाली की काय होते, हे गिरणगावात काम केलेल्या कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ऑगस्ट २००१ मध्ये क्लबने सुमारे ९० किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स येथे जाण्याचा मनोदय जाहीर केला. मिल्टन कीन्स हे १९६७ साली सरकारी योजनेतून वसविलेले नवे शहर. तेथे मोठी विक्रीकेंद्रे आणि त्यांच्या जोडीला स्टेडियम उभारण्याचा काही उद्योजकांचा बेत होता, आणि त्या स्टेडियमसाठी लीगमधला एखादा संघ हवा होता. लीगमधले स्थान एकेक पायरी चढून मिळवायचे असते. येथे ते आयते उचलून नेण्याचा घाट होता. लीगच्या संचालकांनी परवानगी नाकारली. प्रकरण लवादाकडे व तेथून तीन सदस्यांच्या आयोगाकडे गेले, आणि २८ मे २००२ रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक मताने स्थलांतराला मान्यता दिली. पाठीराख्यांनी तळातून नवा क्लब काढणे खेळाच्या व्यापक हिताचे नाही, असेही या आयोगाला वाटले! व्यापक हित हा शब्द कानी आला की आपण सावध व्हावे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे.

पाठीराख्यांनी नेमके तेच केले. काही आठवड्यांतच त्यांनी एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब स्थापन केला, सार्वजनिक माळरानावर खेळाडूंची निवडचाचणी घेतली आणि नवव्या पायरीवरील एका प्रादेशिक स्पर्धेत नाव नोंदविले. त्या मोसमात त्यांच्या घरच्या सामन्यांना सरासरी सुमारे ३ हजार प्रेक्षक येत. उलट, कागदोपत्री मूळचा असलेला क्लब सात पायऱ्या वरच्या श्रेणीत सेल्हर्स्ट पार्कवर खेळत होता, आणि ऑक्टोबर २००२ मधील त्याच्या एका सामन्याला अवघे ८४९ प्रेक्षक हजर होते. अर्थशास्त्रज्ञ हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात संस्थेवर नाराज झालेल्या माणसापुढे दोन मार्ग मांडले आहेत: बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. विम्बल्डनकरांनी बाहेर पडून आवाज उठविला. पुढल्या वर्षी मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली, सप्टेंबर २००३ मध्ये मिल्टन कीन्सला पोहोचली आणि २००४ मध्ये तिने नावही बदलले.

येथे आपल्या मंडळींना टोचणारी एक हकीकत सांगितलीच पाहिजे. दक्षिण लंडनमधील चार्ल्टन क्लबने सप्टेंबर १९८५ मध्ये व्हॅली हे आपले मैदान सोडले. पाठीराख्यांनी परतण्यासाठी चळवळ केली, क्लबही राजी झाला. पण मैदानाच्या योजनेला ग्रिनिचच्या नगरपालिकेने नकार दिला. ही नगरपालिका मजूर पक्षाच्या हाती होती! तेव्हा पाठीराख्यांनी व्हॅली पार्टी नावाचा पक्षच काढला आणि मे १९९० च्या स्थानिक निवडणुकीत १४,८३८ मते, म्हणजे सुमारे ११ टक्के मते मिळविली. जागा एकही मिळाली नाही, परंतु पुढे परवानगी मिळाली आणि डिसेंबर १९९२ मध्ये संघ व्हॅलीवर परतला. कामगारवस्तीतील लोकांचे मैदान हा त्यांच्या जीवनाचा भाग आहे, हे कामगारांच्याच पक्षाला मतपेटीतून शिकवावे लागले. 'हा काही वर्गीय प्रश्न नव्हे' असे म्हणून विषय बाजूला सारणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

प्रश्नाची दुसरी बाजूही मांडतो. मिल्टन कीन्सच्या रहिवाशांना आपल्या गावचा संघ हवासा वाटणे यात गैर काही नव्हते. जी मुले तेथे या संघाच्या सामन्यांना जात वाढली, त्यांनी कोणाचे काही चोरलेले नाही. २००७ मध्ये त्या क्लबने जुन्या चषकांच्या प्रतिकृती आणि इतर ठेवा विम्बल्डनच्या बाजूला, मर्टन नगरपालिकेच्या स्वाधीन केला, हेही नोंदविले पाहिजे. स्थलांतर मुळातच पाप आहे असे मी म्हणत नाही; आर्सेनलही १९१३ साली थेम्स ओलांडून उत्तरेला गेला होता. निर्णय कोणी घेतला, एवढेच मी विचारतो.

नव्या क्लबची सूत्रे पाठीराख्यांच्या न्यासाकडे आहेत आणि त्यात प्रत्येक सभासदाला एकच मत. हे तत्त्व धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला रुजविले, म्हणून आपल्याला नवे नाही. आपल्या साखर कारखान्यांच्या पोटनियमांत ते आजही आहे. पोटनियमांबाहेर ते क्वचितच दिसते, ही गोष्ट वेगळी. सभासद थकले, सभांना यायचे थांबले, की सहकारातही मालक निर्माण होतात. विम्बल्डनचे सभासद अजून थकलेले नाहीत. २०११ मध्ये त्यांचा संघ फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर नवे स्टेडियम बांधताना पैसा कमी पडला, तेव्हा पाठीराख्यांनी रोखे घेऊन ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. नोव्हेंबर २०२० मध्ये संघ प्लाऊ लेनवर परतला, तोही महासाथीमुळे रिकाम्या खुर्च्यांपुढे.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉलच्या नियमनाचा कायदा केला. मैदान विकायचे किंवा हलवायचे असेल तर आता स्वतंत्र नियामकाची मान्यता लागेल. त्याची पूर्वतयारी २०२१ च्या चौकशीने हुजूर पक्षाच्या राजवटीत झाली आणि कायदा मजूर पक्षाच्या काळात संमत झाला. दोघांनाही पाठीराख्यांची मते मोजावी लागली. कायद्याने मालकाच्या हातून मैदान हलविण्याची मोकळीक काढून घेतली. भागभांडवलाला मात्र त्याने हात लावलेला नाही. त्या बाबतीत विम्बल्डनकर कायद्याच्या तेवीस वर्षे पुढे आहेत.