दिसत नाही ते काम



माचू पिक्चूचं छायाचित्र तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. हिरवा डोंगर, त्याच्या खोगीरावर वसलेलं दगडी गाव आणि मागे सुळका. आज मला बोलायचं आहे ते त्या छायाचित्रात न येणाऱ्या कामाबद्दल.

हे गाव २४३० मीटर उंचीवर आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर पाचाकुती या इंका सम्राटाच्या काळात ते उभं राहिलं. तिथं वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला हा आकडा मोठा वाटायचा नाही. पण डोंगर ठिसूळ, उतार खडा, आणि त्यावर शेकडो टन दगड रचलेला. असं गाव दोन-चार पावसाळ्यांत घसरून खाली नदीत जायला हवं होतं.

ते का गेलं नाही, याचा शोध केनेथ राइट या अमेरिकी जलअभियंत्यानं घेतला. त्याच्या अंदाजाप्रमाणे इथलं जवळजवळ साठ टक्के बांधकाम जमिनीखाली आहे. एखादी पायरीची शेती उकरली, की वर माती, खाली रेती आणि खडी, तळाशी मोठे दगड. पाणी झिरपतं आणि बांधाला न ढकलता निघून जातं. मधल्या चौकाच्या हिरवळीखाली तर दगड घडवताना पडलेल्या कपच्यांचा जाड थर पसरलेला आहे. पाथरवटाचा कचरा त्यांनी गावाच्या पायात घातला! पिण्याचं पाणी मात्र वेगळं. डोंगरातल्या झऱ्यापासून ७४९ मीटर लांबीचा पाट काढून ते गावात आणलं, आणि एकाखाली एक अशा सोळा कुंडांतून खेळवलं. पहिली धार राजाच्या वाड्यापाशी.

आता दगडांविषयी. लोखंड नाही, ओझं वाहायला चाक नाही, मग इतके नेमके सांधे कसे बसले? ‘परग्रहावरून कुणीतरी आलं होतं’ असं सांगणारे आजही भेटतात. मला त्याचा राग येतो, कारण राबलेल्या माणसांचं श्रेय त्यात हिरावलं जातं. ज्याँ-पिएर प्रॉट्झेन या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकानं इंकांच्या जुन्या खाणीवर जाऊन हातात गोटा घेतला आणि अँडेसाइटचा दगड ठोकायला सुरुवात केली. दीड तासात त्याच्या तीन बाजू घडून झाल्या. हेमाडपंती देवळं पाहिलेल्या आपल्या लोकांना चुन्यावाचून दगडात दगड बसवण्याचं नवल नाही. इंकांनी भिंती आतल्या बाजूला किंचित कलत्या ठेवल्या, दारं वर निमुळती केली. १९५० साली कुस्को शहर भूकंपानं हादरलं. तिथं इंकांच्या कोरिकांचा मंदिरावर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा मठ बांधला होता. मठाची मोठी पडझड झाली. खालच्या इंका भिंती जागच्या हलल्या नाहीत.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो गवताचा पूल.

इंकांचे रस्ते तीस हजार किलोमीटरहून लांब होते, आणि वाटेतल्या दऱ्या ते दोरांच्या झुलत्या पुलांनी ओलांडत. अपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका हा त्यातला एक. लांबी सुमारे २८ मीटर. दर जूनमध्ये आसपासच्या चार वाड्यांतले लोक तो नव्यानं बांधतात. घराघरातून कोया गवताच्या सुतळ्या वळून येतात. गवत भिजवायचं, दगडानं ठेचायचं, तळहातावर वळायचं. सुतळ्यांचे दोर, दोरांच्या वेण्या, आणि वेण्यांचे सहा जाडजूड सोल: चार पायाखाली, दोन हाताला. दोन्ही काठांवरून माणसं ते ओढून ताणतात. जुना पूल कापून नदीत सोडतात. धरणीमातेला नैवेद्य दाखवल्याशिवाय कामाला हात लागत नाही. २०१३ साली युनेस्कोनं या पुलाच्या ज्ञानाला आणि विधींना मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली.

२०२० साली महामारीमुळे पुलाचं काम राहून गेलं. मार्च २०२१ मध्ये पूल तुटून नदीत पडला. त्याच वर्षी जूनमध्ये त्या वाड्यांतल्या लोकांनी पुन्हा गवत कापलं, सुतळ्या वळल्या आणि पूल बांधला.